उरलेली काडतुसं

अर्लिन बाकेनने उभ्या आयुष्यात हरणं मारली थोडी, उठवली मात्र शेकड्यांनी. टिलमनच्या टोळीत तो हाकारी होता. डिसेंबरात आयोवाच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात हंगाम उघडला की टोळीतले निम्मे गडी ओढ्याच्या वरच्या अंगाला नाक्यानाक्यावर बसायचे आणि उरलेले खालून ओळीने रान उठवत यायचे. त्या ओळीच्या मधोमध अर्लिन. उंचापुरा, ढांगा लांब, आवाज घोगरा पण दणदणीत. काटेरी जाळी आली की बाकीचे वळसा घालायचे, हा सरळ आत घुसायचा. वर बसलेल्यांना हरीण दिसायच्या आधी अर्लिन ऐकू यायचा.

टिलमन म्हणायचा, "अर्लिनला नाक्यावर बसवू नका रे. हा शिंकेल, नाहीतर उठून हरणालाच रस्ता विचारायला जाईल."

लोक हसायचे, अर्लिनही हसायचा. बसणं त्याला जमतच नव्हतं हे खरं होतं. तो दुधाचा टँकर चालवायचा. भल्या पहाटे निघायचं, गोठ्यागोठ्यावर थांबून दूध भरायचं, चीजच्या कारखान्यावर रिकामं करायचं. बहुतेक गोठ्यांवर तो पोचायचा तेव्हा मालक झोपेत असायचा किंवा गाईच्या पोटाशी डोकं लावून बसलेला असायचा. बोलणं म्हणजे हात वर करणं, तेवढंच. लग्न राहून गेलं. कारखान्यातल्या एका मुलीशी दोन वर्षं बोलणं चाललं होतं, पण जो माणूस संध्याकाळी सातला झोपतो त्याच्याशी संसार कसा करायचा, असं म्हणून ती डब्यूकला निघून गेली. तेव्हा अर्लिनला सोयरीक म्हणावी तर ती टोळीच. वर्षातले ते मोजके दिवस तो माणसांत असायचा. दुपारी टिलमनच्या शेडमध्ये शेगडीभोवती सगळे उभे, पातेल्यात मांस घातलेली राजम्याची आमटी रटरटतेय, लेफ्सेच्या, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांना लोणी लावून गुंडाळ्या चालल्यात, आणि ज्याचा नेम चुकला त्याच्या सदऱ्याचा मागचा पदर कापून खिळ्याला टांगला जातोय. टिलमनच्या शेडची एक भिंत अशा चिंध्यांनी भरली होती.

मग टोळी विरत गेली. आधी टिलमन गेला, हृदयविकाराने. मग एकेक. कुणी खरंच गेले, कुणी मुलांकडे गेले, आणि एकाने गाई विकून जमीनही विकली व शहराकडे तोंड केलं. कुणाची बायको आवराआवर करताना अर्लिनला फोन करायची: "याची काडतुसं पडलीत कपाटात. तुला चालतील का? टाकवत नाहीत." अर्लिन जाऊन घेऊन यायचा. कॉफी प्यायचा, थोडा वेळ बसायचा आणि डबे काखेत मारून परत यायचा. तळघरातल्या फळीवर ते डबे एकाला एक लागून उभे राहत गेले.

शेवटी उरले दोघे: अर्लिन आणि मर्ल हुस्बी. दोघांनीच दोन हंगाम हाका घातला. पण दोघांचा हाका म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरणं. अर्लिन खालून ओरडत चढायचा, मर्ल वर बसायचा, आणि हरणं दोघांच्या मधून सरळ शेजारच्या रानात पसार व्हायची. त्यानंतरच्या वसंतात मर्लचे गुडघे बदलले आणि त्याची मुलगी त्याला ॲरिझोनाला घेऊन गेली.

ऑगस्टात मर्लचा फोन आला.

"काय करतोस रे?"

"काही नाही. टोमॅटो काढतोय."

"बंदूक विकलीस का?"

"का विकू?"

"मग काय, एकटा हाका घालणार? हाकून हाकून हरणं कुणाकडे पाठवणार?"

अर्लिनने टोमॅटोची टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "बसेन म्हणतो."

पलीकडे मर्ल इतका हसला की त्याला खोकला आला. "तू? अरे, चर्चमध्ये पाद्री बोलायला लागला की तुझा पाय हलायला लागतो. बसेन म्हणे."

"बघू."

"बघ बाबा. पण बंदुकीच्या त्या माशीवर नेम धरून बसू नकोस. बसणाऱ्याला हरीण लांबून दिसतं. काहीतरी दुर्बीण-बिर्बीण लाव."

मर्लचं म्हणणं खरं होतं. अर्लिनची बाराबोअरची बंदूक वडलांच्या वेळची. आतून गुळगुळीत नळी आणि टोकाला नेम धरायची पितळेची बारीक माशी. हाक्यात हरीण वीस पावलांवरून उधळत जातं. तिथे नेम कसला धरायचा, हरणाकडे बघायचं आणि नळी फिरवत नेऊन चाप ओढायचा. पण उभ्या हरणावर, शंभर पावलांवर, ती माशी हरणाचा अख्खा खांदा झाकून टाकायची. शिवाय आता ती अर्लिनला धड दिसतही नव्हती. धुरकट ठिपका, बस्स. रायफल घ्यावी तर तेव्हा या राज्यात हरणाला ती चालत नव्हती. म्हणजे याच बंदुकीला सजवायला हवं होतं.

तो लव्हॉनकडे गेला. लव्हॉनचा नवरा बंदुका दुरुस्त करायचा. तो असतानाही अर्धं काम तीच करायची, आणि तो गेल्यावर पाटी न बदलता तिने दुकान चालू ठेवलं. शाळेत ती अर्लिनच्या एक वर्ग मागे होती. चष्मा कपाळावर, हाताला तेलाचा वास.

तिने बंदूक उघडली, प्रकाशाकडे धरून नळीतून पाहिलं. "कुणाबरोबर जातोस यंदा?"

"कुणाबरोबर नाही. बसणार आहे."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. ती हसली नाही, याचं अर्लिनला बरं वाटलं.

"मग आधी हे बघ," म्हणत तिने खणातून एक छोटी काच काढली. हिच्यात दुर्बिणीसारखं काही मोठं होऊन दिसत नाही, फक्त लाल ठिपका दिसतो. ठिपका हरणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. "हल्ली सगळी पोरं हेच मागतात. खिडकीतून बाहेर त्या खांबाकडे बघ. ठिपका कसा दिसतो?"

अर्लिनने पाहिलं. "टोमॅटो फुटल्यासारखा."

"गोल नाही?"

"छे. चारी बाजूंना शिंतोडे उडालेत."

"मग दोष डोळ्यात आहे, काचेत नाही. हे तुझ्या कामाचं नाही, आणि मी ते तुझ्या गळ्यातही मारणार नाही. साधी दुर्बीण लावू. फार ताकदीची नको. जंगलात मोठी दुर्बीण लावली की हरणाऐवजी त्याचे केस दिसतात."

बंदुकीच्याच जातीची एक जुनी नळी तिच्याकडे होती. आतून आटे पाडलेली, त्यामुळे गोळी गरगरत सरळ जायची. तिच्या मागच्या टोकाला लोखंडी जिभेसारखी पट्टी होती. दुर्बीण त्या पट्टीवर बसायची, म्हणजे बंदूक पुसायला नळी काढली तरी दोघींची साथ सुटत नव्हती. लव्हॉनने कड्या बसवल्या, स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून आट्यांना निळ्या औषधाचा थेंब लावला, आणि एकदम न आवळता या बाजूचा थोडा, त्या बाजूचा थोडा असे सगळे स्क्रू कसले. दुर्बिणीतली फुली सरळ उभी आहे ना ते पाहायला तिने समोर दोरीला वजन टांगलं होतं.

"आता खांद्याला लाव. डोळे मिटून. गाल टेकव, आणि मग उघड."

अर्लिनने डोळे मिटले, बंदूक उचलली, गाल टेकवला, डोळा उघडला.

"काय दिसतं?"

"चंद्रकोर."

"दस्ता माशीसाठी घडवलाय ना. दुर्बीण उंच बसते, तुझा डोळा खाली राहतो." तिने दस्त्यावर नमद्याची घडी ठेवून वर चामड्याचं आवरण घातलं आणि ते बुटाच्या नाडीसारखं विणून आवळलं. "आता?"

"अष्टमी."

नमद्याची आणखी एक घडी आत गेली.

"आता?"

"पौर्णिमा."

"झालं. आणि डोळा चार बोटं लांब ठेव. या बंदुकीची लाथ तुला माहीत आहे. दुर्बीण जवळ घेतलीस तर भुवई फोडेल."

भुवई फुटायची ती फुटलीच. गावामागच्या बंद पडलेल्या चुनखडीच्या खाणीत अर्लिनने जुनं टेबल नेऊन मांडलं, वाळूच्या पिशव्या रचल्या, पन्नास पावलांवर पुठ्ठा उभा केला. पहिल्याच बाराला मान पुढे गेली आणि दुर्बिणीची कड कपाळावर आपटली. रुमाल बांधून त्याने पुढचे बार काढले. पुठ्ठ्याजवळ जाऊन पाहतो तर एक भोक वर डावीकडे, एक खाली, एक पार कोपऱ्यात. त्याने दुर्बिणीवरची टोपणं उघडली, खुंट्या फिरवल्या आणि पुन्हा बार काढले. आता वेगळीच भोकं वेगळ्याच जागी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खांदा काळानिळा पडला. रात्री त्याने हात पुढे धरून दिव्याखाली पाहिला. थोडा कापत होता. पूर्वीही कापत असेल, पण पूर्वी बघायची वेळ आली नव्हती.

त्याला वाटलं, मर्ल बोलला ते खरं. विकून टाकावी.

विकायच्या विचारानेच तो लव्हॉनकडे गेला. पुठ्ठे टेबलावर टाकले. तिने भोकांकडे पाहिलं, मग त्याच्या भुवईकडे, मग विचारलं, "काडतुसं कुठली?"

त्याने पिशवी उलटी केली. लाल, हिरवी, पिवळी, काही इतकी जुनी की पुठ्ठ्याचीच. लव्हॉन एकेक उचलून बाजूला लावत गेली.

"ही तर टिलमनची. तो हीच न्यायचा माझ्या नवऱ्याकडून." तिने दुसरं उचललं. "हे कुणाचं?"

"हॅरॉल्डचं. आणि पिवळी क्लिफर्डची. त्यांच्या बायकांनी दिली."

लव्हॉनने शेवटचं काडतूस ओळीत लावलं. मग शांतपणे म्हणाली, "अर्लिन, प्रत्येक जातीची गोळी आपल्या मनाप्रमाणे जाते. एक भारी, एक हलकी, एकाचं दारूचं माप वेगळं. त्यात ही सगळी गुळगुळीत नळीची. आटेदार नळीला प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली गोळी लागते. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. तू सगळ्या मेलेल्यांचा नेम एकदम धरतोयस."

अर्लिनने पिशवी परत भरली. "मग यांचं काय करू?"

"ते मला विचारू नकोस. पण या नळीला एकाच जातीची, तुझी स्वतःची काडतुसं घे. थोडी मारून बघ, कुठली जमते ते बंदूकच सांगेल."

दोन जातींची नवी काडतुसं घेऊन तो खाणीत परतला. पहिल्या जातीची भोकं तळहाताएवढ्या जागेत पडली, दुसऱ्या जातीची बशीएवढ्या. पहिली ठरली. मग त्याने घाई केली नाही. तीन बार काढायचे, नळी थंड होऊ द्यायची, खुंटी फिरवायची. आधी पन्नास पावलं, मग शंभर. मधल्या वेळात तो टेबलाशी बसून राहायचा. खाणीत साचलेल्या पाण्यावर बदकं उतरायची, कडेच्या पॉपलरची पानं गळायची, आणि अर्लिनच्या ध्यानात आलं की आपण बराच वेळ बसलोय आणि पाय हललेला नाही. शेवटी शंभर पावलांवर तीन भोकं अशी पडली की एका कॉफीच्या कपाखाली झाकता यावीत. पुठ्ठा हातात घेऊन त्याने सवयीने मागे वळून पाहिलं. मागे त्याची गाडी होती.

जुनी काडतुसं त्याने हंगामाच्या आधल्या रविवारी नेली. वडलांची गुळगुळीत नळी परत चढवली, पुठ्ठा लावलाच नाही. समोरच्या मातीच्या दरडीत एकेक करून बार काढले. ज्याचं काडतूस त्याचं नाव मनात घेत होता, पण पुढेपुढे नावं घेणं सुटलं आणि नुसते बारच उरले. रिकामी टरफलं गोळा करून, पोत्यात भरून तो घरी आला.

हंगाम उघडला त्या दिवशी टिलमनच्या रानात, ओढ्याच्या वाकणावर, ओकच्या झाडाला पाठ लावून अर्लिन बसला. रान आता टिलमनच्या बायकोच्या नावावर होतं आणि तिची अर्लिनला कायमची परवानगी होती. थंडी बुटांतून वर चढत होती. कुठे चिटपाखरू नाही. हाका घालताना माणसाला जंगल दिसतच नाही, आपण केलेला गोंधळ तेवढा ऐकू येतो, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. आता खार पानांतून पळाली तरी हरीण आल्यासारखं वाटायचं. तो तिच्याकडे बघायचा, ती त्याच्याकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी लांबून आवाज आला. आधी एक, मग त्याला उत्तर देणारा दुसरा, मग अख्खी ओळ. शेजारच्या रानात, मोटारी न वापरता घोडागाडीनेच फिरणाऱ्या आमिश पंथाच्या मंडळींनी हाका घातला होता. अर्लिन उठून उभाच राहिला. आवाज कुठल्या अंतरावर आहेत, ओळ कुठे तुटलीय, कुठला गडी मागे पडलाय, सगळं त्याला ऐकून कळत होतं. डाव्या अंगाचा फार पुढे गेलाय, थांब रे, असं तो स्वतःशीच पुटपुटला. आणि तेवढ्यात कुंपणावरून हरणं आली. पाच-सहा, उधळलेली, पंधरा पावलांवरून. त्याने बंदूक खांद्याला लावली आणि दुर्बिणीत पाहिलं तर नुसते तपकिरी केस, मग झाडाची साल, मग पुन्हा केस. कुठल्या हरणाचं कुठलं अंग ते कळेपर्यंत सगळी ओढा ओलांडून गेली होती. बार काढलाच नाही.

हाकारे कुंपणापाशी येऊन थांबले. नारिंगी जाकिटं, खाली काळ्या विजारी, दाढ्यांवर हिमकण. त्यांच्यातला चाळिशीचा पुढारी इनोस बोर्नट्रेगर. त्याचे घोडे अर्लिनच्या दारावरूनच जायचे.

"माफ करा हं," इनोस म्हणाला. "तुम्ही बसलाय हे माहीत नव्हतं. तुमचं रान बिघडवलं आम्ही."

"बिघडवलं कसलं. तुम्हीच तर आणून दिली होती दारात."

"मग बार कसा ऐकू आला नाही?"

अर्लिनने दुर्बिणीवर टिचकी मारली. "हिला पळणारं दिसत नाही."

मागचे तरुण आपापसात त्यांच्या भाषेत काही बोलले आणि हसले. त्यात वाईट काही नसावं, पण अर्लिनला शब्द कळला नाही. इनोस म्हणाला, "शनिवारी आम्ही नदीकाठचं रान हाकणार आहोत. या की. मोक्याच्या नाक्यावर बसवतो तुम्हाला."

"मी हाकारी आहे," अर्लिन म्हणाला.

इनोसने त्याच्याकडे, मग वरच्या चढाकडे पाहिलं.

"आणि ही बंदूक आता बसण्यापुरती केलीय," अर्लिन पुढे म्हणाला. "पळत्याची राहिली नाही."

"दुसरी देऊ."

"नको. पुढच्या वर्षी बघू."

ते गेले. आवाज पुन्हा सुरू झाले, लांब गेले, विरले. जुनी नळी घरी होतीच, चढवायला दोन मिनिटं लागली असती. हे त्याला ते निघून गेल्यावर आठवलं असं नाही. बोलतानाही ठाऊक होतं. मग नाही का म्हणालो, हे तो झाडाला पाठ लावून बराच वेळ शोधत बसला.

हंगामाच्या शेवटच्या दुपारी मादी आली. एकटीच, ओढ्याच्या पलीकडच्या उतारावरून, पाचोळ्यात तोंड घालत, सावकाश. अर्लिनने ती जवळजवळ शंभर पावलांवर आडवी होईपर्यंत वाट पाहिली. गाल चामड्यावर टेकला. पौर्णिमेएवढ्या वर्तुळात फुली तिच्या खांद्यामागे येऊन थांबली, आणि त्याने श्वास अर्धा सोडून चाप दाबला. ती दोन उड्या मारून बसली, मग आडवी झाली. लव्हॉनने लावलेल्या काचेने आणि त्याने खाणीत घातलेल्या दिवसांनी आपलं काम चोख केलं होतं.

पूर्वी अशा वेळी चारी बाजूंनी लोक धावत यायचे. कुणी सुरी काढायचा, कुणी पाठीत थाप घालायचा, कुणी म्हणायचा बघू रे कुठे लागली. अर्लिनने ओढा ओलांडला, हरणाजवळ गुडघे टेकले, टोपी काढून थोडा वेळ हातात धरली. मग बाह्या वर करून पोट साफ केलं. ओढत नेणं मात्र एकट्याचं काम नव्हतं. दोरी कमरेला बांधून तो चढ चढू लागला. दहा-बारा पावलं की थांबायचं, पुन्हा दहा-बारा. छातीत भाता चालत होता. गाडीपाशी पोचला तेव्हा उन्हं कलली होती आणि त्याचा सदरा थंडीतही ओला झाला होता.

घरी आल्यावर शेडमध्ये हरीण टांगून त्याने ॲरिझोनाला फोन लावला. मर्लच्या मुलीने उचलला.

"अर्लिनकाका, बाबा पत्ते खेळायला गेलेत हो. काही निरोप सांगू?"

"सांग, मादी मिळाली. उभी होती, लांब होती."

"बरं, सांगते. छान झालं की. किती जण होतात तुम्ही?"

"मी होतो," अर्लिन म्हणाला.

त्याने कांदा चिरला, काळीज लोण्यात परतलं आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून खाल्लं. चांगलं झालं होतं. दोघा-तिघांना पुरलं असतं.

पुढच्या वर्षी इनोस टांगा घेऊन स्वतः बोलवायला आला, आणि अर्लिन गेला. बंदूक न घेता, हाक्याच्या ओळीत. पहिल्या टेकाडापर्यंत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. दुसऱ्या टेकाडावर ओळ थांबली. कशासाठी थांबली ते कुणी बोललं नाही, पण सगळे त्याच्यासाठीच उभे होते, बुटांनी बर्फ उकरत. संध्याकाळी त्यांनी त्याला मांसाचा सारखा वाटा दिला आणि घरापर्यंत सोडलं. त्यानंतर इनोस दर वर्षी विचारायचा आणि अर्लिन दर वर्षी त्याचे आभार मानायचा.

एकट्याने बसून त्याने त्यापुढच्या सगळ्या हंगामांत हरीण मारलं. टोळीत असताना मारली होती त्याहून जास्त. मांस कापून देणाऱ्या दुकानात त्याचं नाव झालं. तिथला मालक नव्या गिऱ्हाइकांना दाखवून म्हणायचा, "हा बाकेन. याची गोळी वाया जात नाही." लोक विचारायचे, कुठल्या टोळीबरोबर जाता? अर्लिन म्हणायचा, टिलमनच्या. तिथे आता टिलमनला ओळखणारं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे कुणी काही विचारायचं नाही.